मदत हवी आहे: रजेवरील बंदिवानाच्या पायात जीपीएस पट्टा आला, तर अटीचा भंग कशाला म्हणायचे?

नमस्कार. माझे थोरले बंधू पैठणच्या खुल्या कारागृहात शिक्षा भोगत असून संचित रजेवर (फर्लो, म्हणजे शिक्षेदरम्यान घरी जाण्यासाठी मिळणारी ठरावीक सुट्टी) ते गेवराई तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर येतात. आजवर त्यांनी पोलीस ठाण्यातली एकही हजेरी चुकवलेली नाही. मागच्या भेटीत ते म्हणाले, "पुढं रजेवर सोडताना पायात पट्टा घालणार म्हनायलेत सगळे."

म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाचा २०२३ चा आदर्श कारागृह कायदा वाचला. असे उपकरण घालण्यास बंदिवान राजी असेल तर त्या अटीवर रजा देता येईल, आणि अट मोडल्यास ती रजा तर रद्द होईलच, शिवाय पुढे कोणतीही रजा मिळणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. हा नमुना राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, याची मला कल्पना आहे.

पट्ट्याला माझा सरसकट विरोध नाही. त्याने हजेरीचे हेलपाटे वाचणार असतील तर तो बराच. पण आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीने रात्री येते, आणि दादा घरी असले की दारे धरायला (पिकाला पाणी द्यायला) तेच जातात व पहाटेपर्यंत घोटाभर चिखलात उभे असतात. फोनला रेंज मिळते ती घरामागच्या लिंबाखाली, ओढ्याकडच्या वावरात अजिबात नाही. अशा रात्री पट्ट्याची बॅटरी उतरली किंवा संपर्क तुटला, तर दूरच्या कार्यालयातल्या पडद्यावर पळून गेलेला माणूस आणि आमचे दादा यांच्यात काय फरक दिसणार? तेवढ्यावरून पुढच्या साऱ्या रजा जाव्यात, हे मला फार अन्यायाचे वाटते. शिवाय नकार दिला तर रजाच नाही आणि घरी आई वाट पाहत बसलेली, अशा वेळी दिलेल्या संमतीला राजीखुशी कसे म्हणावे?

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात, जामिनावरील व्यक्तीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत पाळत ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, असे सांगितले आहे. शिक्षा झालेल्या बंदिवानाला या निकालाचा आधार कितपत घेता येईल, हे जाणकार वकिलांनी कृपया सांगावे. भंग ठरवण्याआधी बंदिवानाचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि उपकरणाचा खर्च त्याच्यावर टाकू नये, अशी मागणी आताच करायची झाल्यास निवेदन कारागृह अधीक्षकांकडे द्यावे की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे? दादांच्या आजवरच्या हजेरीच्या नोंदींच्या प्रती मी जमवत आहे. आणखी काय जोडावे, तेही कळवावे.