मदत हवी आहे: जुना ३८६ सुरू होत नाही, पंखा एकदाच हलतो

पाटीपेन्सिल
बाबांचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढलाय. सुरू होत नाही. एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, तरी तेच. पुढच्या रविवारच्या आत चालू व्हायलाच हवा. काय गेलं असेल? 'भंगारात द्या' हा सल्ला घरात रोज मिळतो, इथे नको.

कण्हेर
सुरू होत नाही म्हणजे नेमकं काय? दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, की स्क्रीन काळी? साल कुठलं?

निवांत_नाना
रॅम काढून खोडरबरने घासा. आमच्या ऑफिसात दहातली नऊ मशीन याच उपायाने उठायची.

पाटीपेन्सिल
१९९२ चा आहे. पंखा एक गचका देतो नि थांबतो, मग एसएमपीएसमधून टिक टिक. रॅम घासली. काही फरक नाही.

झिरोवॅट
सोपं आहे. एसएमपीएसची हिरवी वायर काळीला यू-पिनने जोडा. पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला.

बाराव्होल्ट
झिरोवॅट, १९९२ च्या मशीनमध्ये हिरवी वायर आणणार कुठून? ती एटीएक्स प्रकारच्या एसएमपीएसची, आणि एटीएक्सच मुळात १९९५ चं. हा त्याआधीचा, एटी प्रकारचा आहे. याचं पुढचं बटण थेट मेन्स तोडतं. एसएमपीएसमधून बटणापर्यंत चार जाड वायरी जातात ना, त्यांत २३० व्होल्ट खेळतात. पाटीपेन्सिल, त्या टोकांवरच्या रबरी टोप्या जागेवर आहेत का ते आधी बघा, आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतले दोन मोठे कपॅसिटर मिळून सव्वातीनशे व्होल्ट धरून बसतात, प्लग काढल्यावरही.
दुसरं, एसएमपीएसमधून मदरबोर्डावर येणारे पी-८ आणि पी-९ हे दोन कनेक्टर कसे लावलेत? दोन्हींच्या काळ्या वायरी मधे, एकमेकींना खेटून हव्यात. उलटे बसले असतील तर बोर्डाला रामराम.

पाटीपेन्सिल
काळ्या मधेच आहेत. टोप्या आहेत. दुसरा एसएमपीएस पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुनाच आणला होता. घरी टेबलावर नुसता लावून पाहिला, तर तोही ढिम्म. दुकानदाराने गंडवलं बहुतेक.

बाराव्होल्ट
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं! दुकानदाराला लगेच शिव्या नकोत. त्या काळचे बरेच एसएमपीएस लोडशिवाय, म्हणजे वीज ओढणारं काही लावल्याशिवाय, उभेच राहत नाहीत. गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणा आणि हार्ड डिस्कच्या कनेक्टरवर लाल-काळ्याला लावा. पाच व्होल्टवर लालसर पेटेल, पण अँपिअरभर ओढेल. तेवढं पुरतं. मग पिवळ्या-काळ्यावर मीटर धरा, बाराच्या आसपास यायला हवं.

निवांत_नाना
इन्व्हर्टरवर तर नाही ना लावलंय? आमच्या शेजाऱ्यांचा टीव्ही इन्व्हर्टरनेच गेला. अर्थिंगही तपासा. हल्ली वायरमन अर्थिंगची वायर नुसती बोर्डात गुंडाळून ठेवतात.

कण्हेर
मूळ प्रश्न राहिलाच. कॉम्प्युटर चालवायचाय, की आतलं काही काढायचंय?

पाटीपेन्सिल
आतलं काढायचंय. कुलवृत्तांत. बाबांनी १९९३ मध्ये रोज रात्री बसून टाइप केला होता. छापलेली एकुलती एक प्रत वाळवीने खाल्ली. रविवारी कुलसंमेलन आहे आणि मी सगळ्यांना 'आणतो' म्हणून बसलोय.

टिकली
अय्या, कुठलं घराणं? कुलदैवत कोणतं? आमच्याकडेही तीन शाखा सापडत नाहीयेत.

झिरोवॅट
मग एवढा खटाटोप कशाला! हार्ड डिस्क काढा, यूएसबी कन्व्हर्टरला लावा. दहा मिनिटांचं काम.

बाराव्होल्ट
किती एमबीची आहे त्यावर ठरेल. १९९२ ची असेल तर तिला बहुधा एलबीए (सेक्टरना सरळ ओळीने नंबर देण्याची नंतरची पद्धत) कळतच नाही, आणि हे कन्व्हर्टर एलबीएशिवाय बोलत नाहीत. मी दोन विकत घेऊन हात पोळलेत. जुन्या डिस्कशी जुनं मशीनच बोलतं.

झिरोवॅट
माझ्याकडे चाललं होतं.

बाराव्होल्ट
कुठल्या सालची डिस्क?

झिरोवॅट
२००१. पण तत्त्व तेच ना.

पाटीपेन्सिल
बल्ब पेटला! दोन्ही एसएमपीएसवर! पिवळ्यावर ११.९. म्हणजे आधीचाही चांगलाच होता. बोर्डाला लावला की परत गचका. सगळी कार्डं काढून पाहिली, तरी तेच. एक लांबलचक कार्ड काढलंय, त्यावर जिस्ट लिहिलंय. ते टाकून दिलं तर चालेल?

कण्हेर
टाकू नका! डॉसमध्ये देवनागरी दिसायची ती सीडॅक या सरकारी संस्थेच्या त्याच कार्डामुळे. ते नसेल तर स्क्रीनवर नुसती चिन्हं दिसतील. फाइल बहुधा इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतपद्धतीत) असेल, ती नंतर युनिकोडमध्ये आणता येते.

बाराव्होल्ट
कार्डं काढूनही बसतंय म्हणजे बोर्डावरच शॉर्ट आहे. एसएमपीएस बिचारा स्वतःला वाचवतोय. प्लग आणि पी-८, पी-९ काढा. बोर्डाच्या बाजूने पिवळी जिथे बसते ती पिन आणि ग्राउंड यांच्यात ओहम मोजा. एक-दोन ओहम आला तर तिथला टँटलम कपॅसिटर गेलाय. चणाडाळीएवढा पिवळा थेंब, दोन पायांचा, अंगावर १० आणि १६ असं काही लिहिलेलं. १६ व्होल्टचे हे थेंब १२ च्या लाइनवर वर्षानुवर्षं पडून राहिले की आतून शॉर्ट होतात. एक पाय सोल्डरमधून उचला आणि परत मोजा.

निवांत_नाना
सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा.

पाटीपेन्सिल
१.४ ओहम होता. पी-८ च्या शेजारचाच थेंब, बुडाशी काळपट डाग. उपटल्यावर मीटर वर चढत गेला. मशीन उठलं, मेमरी मोजली, पण आता 'हार्ड डिस्क फेल्युअर'. बॅटरीभोवती हिरवं साचलंय, त्याने असेल का?

बाराव्होल्ट
उपटला तरी तूर्त चालेल, नंतर २५ व्होल्टचा टाका. बॅटरी गळलीय, ती आधी कापून काढा, नाहीतर बोर्डाचे ट्रॅक खाईल. तिच्याबरोबर डिस्कचं सेटिंगही गेलं. सेटअपमध्ये टाइप ४७ (आकडे स्वतः भरायचा प्रकार) निवडा आणि डिस्कच्या स्टिकरवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर हाताने भरा. आता मशीन बंद करू नका, बंद केलंत की हेही पुसलं जाईल.

पाटीपेन्सिल
७६२, ८, ३९. सी प्रॉम्प्ट आला!! जिस्ट कार्ड परत बसवलं होतं. पहिल्याच ओळीत बाबांनी आजोबांचं नाव चुकवलंय. आता हे बाहेर कसं काढू? साडेतीन इंची फ्लॉपी कुणाकडे आहे का? मी सातारा.

टिकली
कुलदैवत सांगितलं नाहीत.

निवांत_नाना
रॅम घासली होतीत ना? म्हणूनच मेमरी मोजली.