झिममधला शोध आणि दोन वेगळे ‘ऱ्या’

एकाची तक्रार आहे की झिम या संगणकावरच्या नोंदवही-प्रोग्राममध्ये ‘दुसऱ्या’ शोधलं तर निम्म्याच नोंदी येतात, आणि शोधासाठीची अनुक्रमणिका (इंडेक्स) नव्याने बांधूनही फरक पडत नाही. नाहीच पडणार. अनुक्रमणिका बिचारी निर्दोष आहे.

दोष आपल्या ‘ऱ्या’त आहे. तो डोळ्यांना एकच दिसतो, पण फाइलमध्ये दोन प्रकारे साठवला जातो. एक, पायाखाली टिंब असलेला ऱ (यू+०९३१, हा युनिकोडमधला, म्हणजे अक्षरांच्या जागतिक यादीतला, त्याचा क्रमांक), मग हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक (यू+२००डी) आणि य. फोनवर एक कीबोर्ड आणि संगणकावर दुसरा वापरला की दोन्ही रूपं फाइलींत मिसळतात. युनिकोडचं प्रमाणीकरण (एनएफसी), म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, ‘र + नुक्ता (खालचं टिंब)’ला ऱ करतं, पण जोडकवाल्या रूपाला हातही लावत नाही. मी त्यावरच विसंबलो होतो, एक संध्याकाळ गेली.

झिमच्या नोंदी साध्या मजकूर फाइलीच असतात, त्यामुळे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या चार ओळींत काम होतं: ‘र + हलन्त + जोडक’ जिथे दिसेल तिथे ‘ऱ + हलन्त’ लिहा. आधी झिम बंद करा आणि वही गिटमध्ये (जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) नोंदवून ठेवा.

फक्त सरसकट सगळे जोडक उडवू नका. तसं केलंत तर ‘आचाऱ्यांना’ निरोप धाडायचा तो ‘आचार्यांना’ जाईल, आणि पंगत उपाशी!

खरा उपाय म्हणजे शोधतानाच दोन्ही रूपं एक मानणं. कुणी तसं प्लगइन लिहायला घेतलं तर चाचणीसाठी माझ्या वहीतले नमुने देतो.