मांडीवर की सीटमध्ये?

वर एका ताईंनी लिहिलंय की आमची दोन्ही मुलं गाडीत मांडीवरच घरी आली, काही झालं नाही, मग सव्वा महिन्याच्या आत एवढी महागडी कार सीट (बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी सीट) कशाला. पटतं ओ, पण पन्नासच्या स्पीडला गाडी आपटली तर तीन किलोचं बाळ कुणाच्याच हातात राहत नाही, आणि आपला बेल्ट दोघांवरून लावला तर आपलंच वजन बाळावर येतं.

आम्ही लेकीला पुण्याहून साताऱ्याला नेली तेव्हा सासूबाईंनी कुंची, स्वेटर, वर दुपटं असं गाठोडंच करून दिलेलं, बेल्ट लागेचना! शेवटी नुसतं झबलं ठेवलं, पट्टे खांद्याच्या लेव्हलला किंवा किंचित खालून येतील असे लावले, खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता आला नाही तेव्हा म्हटलं आता बरोबर, आणि दुपटं वरून घातलं. सीट मागच्या बाकावर आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं, एअरबॅग असेल तर पुढे अजिबात नको. मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकत नाही ना हे मी शेजारी बसून सारखं बघत होते.

शिरवळला थांबून दूध पाजलं, चालत्या गाडीत काढायचं नाही म्हणजे नाही, कितीही रडलं तरी. आणि हो, सीट डिलिव्हरीच्या आधीच बसवून बघा, आम्ही डाळीची पिशवी बांधून प्रॅक्टिस केलेली, नवरा अजून हसतो.