विषय: वसतिगृहातील आरती आणि विद्यापीठाकडून आलेले पत्र

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझा भाचा यंदा पुण्याहून येथे अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला आला. गणेश चतुर्थीला त्याने वसतिगृहातल्या खोलीत शाडूची लहान मूर्ती बसवली, कापूर लावून आरती केली आणि गजर वाजू नये म्हणून छतावरच्या स्मोक डिटेक्टरला शॉवर कॅप बांधली. कापराचा वास बाहेर गेल्यावर मजल्याचा आर.ए. (मजल्यावर देखरेख करणारा विद्यार्थी-सहायक) आला, त्याने फोटो काढले आणि दोन दिवसांनी शिस्तपालन कार्यालयाने त्याला सुनावणीला बोलावले. मी फोन केला, तर विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय बोलता येणार नाही, एवढेच उत्तर मिळाले. देवाचे केले म्हणून मुलाला अपराधी ठरवावे, हे मनाला फार लागले. मंडळाने निषेधाचे पत्र पाठवावे, ही विनंती.

---

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची घालमेल समजते. मी काही वर्षे विद्यार्थी वसतिगृहांच्या व्यवस्थापनात काम केले आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो, की निषेधाचे पत्र आत्ता पाठवू नये. तुम्ही लिहिता त्यावरून आक्षेप पूजेला नसावा. तो पेटत्या कापराला आणि त्याहूनही अधिक त्या शॉवर कॅपला असणार. १९ जानेवारी २००० रोजी न्यू जर्सीतील सीटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहाला पहाटे आग लागून तीन विद्यार्थी दगावले. त्याआधी खोटे गजर वारंवार वाजल्यामुळे कित्येक मुलांनी तो गजर खरा मानलाच नव्हता. डिटेक्टर झाकणे म्हणजे शेजारच्या खोल्यांत झोपलेल्या मुलांचाही जीव धोक्यात घालणे, हे त्याने मनापासून समजून घ्यायला हवे. वाढदिवसाच्या मेणबत्तीलाही बहुतेक वसतिगृहांत हाच नियम लागू असतो.

फोनवर मिळालेल्या उत्तराचे वाईट वाटून घेऊ नका. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता जपणाऱ्या १९७४ च्या फर्पा या अमेरिकी कायद्यानुसार महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातो, मग तेथे मावशीची काय कथा.

आता खरी निकड. विद्यापीठाच्या पत्रातली मुदत त्याने चुकवू नये, कारण विद्यार्थी आला नाही तर त्याची बाजू न ऐकताच निर्णय होऊ शकतो. सुनावणीआधी आपल्याविरुद्धचे फोटो आणि अहवाल पाहायला मागावेत, सोबत सल्लागार आणता येतो का ते विचारावे, आणि कॅप आपणच बांधली हे सरळ मान्य करावे. आर.ए.कडे फोटो असताना ‘मला ठाऊक नाही’ म्हटले, तर खोटे बोलल्याचा वेगळा आरोप लागू शकतो. पहिल्या चुकीला बहुधा ताकीद, दंड किंवा प्रोबेशनवर (ठरावीक काळ वर्तनावर नजर) भागते. पण निलंबन झाले तर पूर्णवेळ नोंदणी राहत नाही आणि एफ-१ दर्जा (विद्यार्थी व्हिसावर राहण्याची मुभा) संकटात येतो. म्हणून सुनावणीपूर्वीच त्याने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील डी.एस.ओ.ना (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसा-दर्जाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना) भेटावे.

त्याच्या निवेदनाचा मसुदा मी आनंदाने वाचेन. मात्र लिहायचा त्याने आणि पाठवायचाही त्यानेच.

---

काका, मनःपूर्वक आभार. निषेधाच्या पत्राची विनंती मी मागे घेते. शॉवर कॅपचे गांभीर्य माझ्याही लक्षात आले नव्हते. त्याच्याशी आत्ताच बोलले; उद्या सकाळी तो डी.एस.ओ.ना भेटणार आहे आणि रात्रीपर्यंत मसुदा तुम्हाला पाठवेल.