प्राथमिक संगीतवर्गात रचनेची पाळी शेवटी कशासाठी?

आवर्तन:
प्राथमिक वर्गांसाठीचे संगीताचे अभ्यासक्रम बहुधा एकाच वाटेने जातात. आधी टाळ्या आणि मात्रा, मग स्वरओळख आणि अलंकार, आणि वर्षाअखेरीस वेळ उरलाच तर गाण्याची रचना, म्हणजे कोणता भाग पुन्हा येतो, कोणता वेगळा आहे आणि गाणे मुखड्यावर परत कसे येते याचा विचार. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला शुद्ध आणि कोमल गंधारातला फरक सहसा सांगता येत नाही, पण ऐकलेली ओळ पुन्हा आली की ती त्याला चटकन ओळखू येते. जे मुलाला आधीपासून येते ते सोडून सर्वांत अवघड गोष्ट पहिल्याच महिन्यात त्याच्या पुढ्यात ठेवायची, याला शिस्त म्हणणे मला पटत नाही.

रचना आधी शिकवायला लागते फक्त मोकळी जागा. गाण्याच्या पहिल्या भागाला वर्तुळात एका दिशेने चालायचे आणि दुसरा भाग आला की वळून उलट चालायचे. शिक्षकाने मात्र इशारा करायचा नाही. पहिल्या खेपेला दोन-चार मुले वळतात आणि बाकीची त्यांच्यावर आदळतात. पुढच्या खेपांना ओळ संपायच्या आतच पावले रेंगाळू लागतात, कारण वळण येणार हे मुलांना आधीच कळू लागलेले असते. ‘स्थायी’ आणि ‘अंतरा’ हे शब्द त्यानंतर सांगितले तरी चालतात.

खर्ज:
आपला खेळ चांगला आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. मूल वळते ते शब्द बदलले म्हणून. तेच गाणे शब्द काढून नुसत्या ‘ला’वर गा आणि मग किती मुले योग्य जागी वळतात ते पाहा. जी वळणार नाहीत त्यांना रचना कळलेली नव्हती, कविता पाठ होती.

दुसरे असे की आठवड्यातून एक-दोन तासिका मिळणाऱ्या वर्गात आधी काय करायचे हा प्रश्न शेवटी वेळेचा असतो, आणि तो वेळ मुलाच्या कानाला आणि गळ्याला मिळाला पाहिजे. लहान मुलांच्या गळ्याचा सोयीचा पट्टा जेमतेम पाच-सहा स्वरांचा असतो. शिक्षिकेने स्वतःच्या सोयीने खालचा षड्ज धरला की निम्मा वर्ग गात नाही, बोलतो, आणि मग त्याच मुलांवर ‘बेसूर’ हा शिक्का बसतो. हंगेरीचे संगीतकार आणि संगीतशिक्षक कोदाय (१८८२–१९६७) यांच्या परंपरेतल्या शिक्षकांनी याच कारणासाठी सुरुवात दोन स्वरांवर आणली. आपल्या भाषेत सांगायचे तर पंचमावरून गंधारावर उतरायचे, मग धैवत जोडायचा, षड्ज आणि ऋषभ त्यानंतर, आणि अर्ध्या स्वराचे अंतर ज्यांच्यामुळे येते ते मध्यम व निषाद सर्वांत शेवटी. म्हणजे भूप रागाचे पाच स्वर पक्के होईपर्यंत सप्तकाची घाई नाही. हा क्रम कानाच्या सोयीने लावलेला आहे. तिथे रचनेची चर्चा मध्ये घुसवली तर गाण्याचा वेळ बोलण्यात जाईल.

रिकामी मात्रा:
दोघांच्याही म्हणण्यात लय गृहीत धरलेली दिसते. प्रत्यक्षात वर्गाच्या टाळ्या हमखास पळतात, आणि पेटीवर साथ करणारे शिक्षकही त्यांच्यामागे पळतात. उपाय म्हणून मोठ्याने मात्रा मोजायला लावतात, त्याने टाळ्या आणखी जोरात पडतात, एवढेच. त्यापेक्षा आठ मात्रांत पाचवी मात्रा रिकामी ठेवायला सांगावी. निम्म्या टाळ्या नेमक्या त्या रिकाम्या जागेत पडतात, हशा पिकतो, आणि मग मुले त्या जागी श्वास धरून थांबू लागतात. लय आत गेली की नाही हे टाळीपेक्षा न वाजवलेल्या मात्रेवरून अधिक खात्रीने कळते. जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात १८९२ पासून शिकवणाऱ्या दालक्रोझ यांनाही हेच दिसले होते: विद्यार्थ्यांची बोटे तयार होती, पण लय अंगात नव्हती. म्हणून त्यांनी त्यांना चालायला लावले.

आवर्तन:
‘ला’ची कसोटी मला मान्य आहे, किंबहुना वर्षाच्या सुरुवातीलाच ती घ्यावी असे मी म्हणेन. शब्दांवाचून ओळख पटत नसेल तर ते रचना लवकर शिकवण्याचेच कारण झाले. राहिला बोलण्याचा मुद्दा. सर्वांनी मिळून आठ मात्रांची एक ठरलेली ओळ गायची, मग एका मुलाने आठ मात्रा मनाने वाजवायच्या, पुन्हा सर्वांची ओळ, पुन्हा दुसरे मूल. यात चर्चा कुठे आहे? एखादे मूल सहाव्या मात्रेवर संपवते, आणि उरलेल्या दोन मात्रा अख्खा वर्ग मनात मोजून नेमका समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, उठतो. आपली रिकामी मात्रा इथे आपोआप येते, कारण परतायचे कुठे हे प्रत्येकाला ठाऊक असते.

तंबोरा:
मनाने वाजवायचे म्हणजे काय वाजवायचे? ज्या मुलाकडे तालाचे चार बोलसुद्धा नाहीत ते आठ मात्रा एकसारखे बडवणार, आणि शिक्षक ‘छान’ म्हणणार. आधी साठा, मग निर्मिती.

आवर्तन:
साठा लहान ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. ओर्फ आणि कीटमान या जर्मन संगीतशिक्षकांच्या पद्धतीत, जिचे पाच खंड १९५० ते १९५४ दरम्यान निघाले, काष्ठतरंगासारख्या वाद्याच्या नको त्या पट्ट्या चक्क काढून ठेवतात. मध्यम आणि निषाद जागेवर नसले की मूल काहीही वाजवो, कानाला फारसे खुपत नाही. तालातही तसेच करता येईल: दोनच बोल द्यावेत, पण शेवटची मात्रा मोकळी सोडण्याची अट घालावी.

खर्ज:
पट्ट्या काढून कान तयार होतो हे मला मान्य नाही. चूक होण्याची शक्यताच काढून घेतली तर चूक ऐकायला मूल शिकणार कधी? गळ्यात पट्ट्या नसतात. मात्र मधली ओळ वाजवण्याऐवजी गायची असेल, षड्ज तंबोऱ्यावर अखंड चालू असेल आणि मुलाला पंचम-गंधार एवढेच दोन स्वर दिले असतील, तर आपला खेळ पहिल्या महिन्यात घ्यायला माझी हरकत नाही. त्यात कोण कुठे परतला याआधी कोण सुरात परतला हे मी ऐकेन, आणि जो सुरात परतला नाही त्याला पुढच्या फेरीआधी ती ओळ माझ्याबरोबर एकदा गायला लावेन.