व्हॅन गॉगचा विणकर 'ध्यानस्थ' म्हणे!

कांडीभरणी (धागाकर्ता)
हातमाग दिनाला 'निवांत' यांनी म्युनिकच्या नॉय पिनाकोथेक या संग्रहालयातलं व्हॅन गॉगचं चित्र टाकलं. उघडी खिडकी, बाहेर न्यूनन या डच खेड्याचा जुना मनोरा, आत मागावर वाकलेला विणकर, जुलै १८८४. खाली ओळ : "किती शांत! कामात ध्यानस्थ झालेला माणूस. आपण लॅपटॉपवाल्यांनी हे सुख घालवलं." तिथे बदामांचा पाऊस चालू आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

शांत? मागाच्या खोलीत बसलायत कधी? आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटतो, फणीचा ठोका भिंतीत घुमतो. माझे पाढे आजोबांच्या खड्डा मागाच्या ठेक्यावर पाठ झाले. शाळेत जायच्या आधी वीस कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरायच्या, नाहीतर चहा नाही. सुतानं तर्जनीला पडलेली चीर अजून आहे.

व्हॅन गॉगनेच भावाला कळवलंय : विणकर झटला तर आठवड्यात ६० एल (कापड मोजायचं जुनं माप) कापड, हातात साडेचार गिल्डर (डच नाणं). बायको कांड्या भरत बसते, तिची मजुरी त्यातच. कापड घेऊन गेलं की मालक सांगणार, पुढचं काम एक-दोन आठवड्यांनी. ध्यान कसलं डोंबलाचं!

निवांत
मी चित्राबद्दल लिहिलं होतं, मजुरीच्या तक्त्याबद्दल नाही. आणि चित्राला आवाज नसतो, साहेब. दिवसाला सात मीटिंगा करतो मी. संध्याकाळी बायकोने विचारलं काय केलंस, तर दाखवायला वीतभरही काही नसतं. त्याच्यापुढे निदान कापड तरी आहे.

कांडीभरणी
कापड त्याचं नव्हे, मालकाचं.

सदाशिवकर
दोघेही पत्रं अर्धीच वाचता. रॅपार्ड या चित्रकार मित्राला लिहिताना व्हॅन गॉग मागाला मळकट ओकचा काळा राक्षस म्हणतो. आणि आतला माणूस? माकड म्हणा, भूत म्हणा, पहाटेपासून रात्रीपर्यंत खडखडाट करणारं. म्हणजे खडखडाट चित्रकाराला ऐकू येत होता, निवांतना नाही. पण कांडीभरणी, भूत म्हणणाऱ्याला विणकराचा कैवारी ठरवायची घाई तुम्हीही करू नका. तो स्वतः भावाच्या पैशांवर जगत होता.

नऊवारी
हातमागाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. लेकीच्या लग्नाला 'अस्सल हातमाग' म्हणून पैठणी घेतली. दुकानदाराने गादीवर बसवून चहा पाजला. घरी पदर उलटा केला तर मोराच्या पाठीमागे कातरलेले धागे! सेमी, म्हणजे यंत्रमागावरची निघाली. परत घेईना. तुमचा डच विणकर राहू द्या, आमचं कोण बघणार?

सदाशिवकर
चहा पिण्याआधी उलटं करायचं असतं. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा वेगळा अडकवत नेतात, त्यामुळे पाठही पोटासारखीच दिसते.

नऊवारी
अक्कल फुकट मिळाली, आभार. पैसे तेवढे गेले.

भिवंडीकर
आलं शेवटी यंत्रमागावर! खोटं बोलला दुकानदार, शिव्या आम्हाला. सेमी म्हणून विकली तर त्यात पाप काय? पगारदार बाईला तेवढीच परवडते. १९८५ चा आरक्षण कायदा केला, २२ वस्तू हातमागाला राखून ठेवल्या, आता ११ उरल्यात. वाचला का विणकर? माझ्या कारखान्यात तीस माणसं जेवतात.

कांडीभरणी
जेवतात की बहिरी होतात? इचलकरंजीत माझ्या वडिलांनी यंत्रमागावर उभी हयात काढली. आता टीव्ही लावला की शेजारच्यांना बातम्या कळतात.

भिवंडीकर
म्हणजे आजोबांच्या हातमागावर पोट भरलं नाही, म्हणूनच वडील आमच्याकडे आले ना? मग रडगाणं कुणाविरुद्ध?

कांडीभरणी
बापावर जाऊ नका.
...
बरं, खरं आहे ते. माग विकला तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत आणि वडिलांनी पहिल्या पगारात पंखा आणला. दोन्ही मी पाहिलंय. पण धागा व्हॅन गॉगचा आहे, तुमच्या कारखान्याचा नाही. आणि साड्यांचाही नाही!

नऊवारी
साडी विणकरच विणतो हो. की तुमचा विणकर फक्त चौकटीत शोभतो?

सदाशिवकर
हा मात्र बसला.

निवांत
काल रात्री पत्रं काढून वाचली. 'ध्यानस्थ' शब्द मागे घेतो, खूश? पण एक सापडलं. १७३० साल कोरलेला एक जुना माग, त्याच्याजवळ खिडकीशी बाळाची खुर्ची, आणि बाळ तासन्‌तास धोट्याची ये-जा बघत बसलेलं. व्हॅन गॉगने ते कागदावर उतरवलंही आहे. पाढ्यांचं वाचून तेच आठवलं. एवढं तरी सुंदर म्हणू का, की त्यालाही परवानगी लागेल?

कांडीभरणी
म्हणा. ते बाळ पाच-सहा वर्षांनी कांड्या भरायला बसलं असणार, एवढं लक्षात ठेवून म्हणा.

नऊवारी
कांडीभरणी, दुसऱ्या लेकीचं ठरलंय. यावेळी येवल्याला जाणार आहे. फोटो पाठवला तर बघून सांगाल?

कांडीभरणी
पाठवा. उलट्या बाजूचा.