आधी अख्खा आकार की आधी बारकावे? (सीएसएमटीसमोरच्या स्केचिंगवरून)

रेघोटी, दादर:
रविवारी मुलांना घेऊन सीएसएमटीसमोर स्केचिंगला बसले होते. एका मुलीने थेट खिडकीवरच्या दगडी पानापासून सुरुवात केली. मी थांबवलं. आधी घुमट, इमारतीची ढोबळ रेषा, नक्षी शेवटी. डोळा आधी अख्खा आकारच पाहतो, असं माझं ठाम मत आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड नेव्हनने १९७७ साली छोट्या 'एस' अक्षरांनी मोठा 'एच' रचला. मोठं अक्षर ओळखताना छोट्यांचा अडथळा झाला नाही. छोटं ओळखताना मात्र मोठं आड आलं, वेळ जास्त लागला. मग शिकवायचा क्रमही तोच हवा ना?

पागडीवाला, गिरगाव:
ताई, सहमत नाही. १९७९ मध्ये किन्चला आणि वुल्फ या संशोधकांनी अशीच अक्षरं लहानमोठ्या मापांत दाखवली. मोठं अक्षर डोळ्यापाशी साधारण ७-८ अंशांपेक्षा मोठा कोन करायला लागलं की छोटी अक्षरं आधी ओळखू यायला लागली. हात लांब करून मूठ धरा, ती सुमारे १० अंशांची. रस्त्यापलीकडे बसलेल्या मुलीला सीएसएमटी किती मुठींची दिसत असेल? तिने पान आधी पाहिलं यात तिचं काहीच चुकलं नाही.

एक्स-रेवाला, परळ:
नुसत्या मापानेही भागत नाही. २०१३ च्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि त्यात गोरिलाचं चित्र घातलं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलंच नाही! त्यातल्या बऱ्याच जणांची नजर नेमकी त्याच जागेवरून गेली होती. मी रोज स्कॅन काढतो, म्हणून हे वाचून झोप उडाली होती. लक्ष गाठीवर असेल तर गाठच दिसते.

रेघोटी, दादर:
मुठीचं पटलं, घरी खिडकीतून करूनही पाहिलं. पण तिच्या कागदावर पान एवढं मोठं झालं की घुमटाला जागाच उरली नाही, त्याचं काय? पाहण्याचा क्रम बदलत असेल, कागद तेवढाच राहतो.

पागडीवाला, गिरगाव:
मग घुमट राहू द्या. ती नक्षी कोरण्यात तेव्हाच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. जवळपास दीडशे वर्षांनी एक मुलगी ते पान नीट बघतेय, तिला का उठवायचं?

रेघोटी, दादर:
उठवणार नाही. पण पुढच्या रविवारी तिच्या हातात दुसरा कागद देणार, घुमटासाठी. ते मी सोडणार नाही.